शेजारच्या दुर्लक्षित कुत्र्यासाठी काय करता येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेजारच्या अंगणात दिवसभर बांधलेला, कोणी फारसे न पाहिलेला कुत्रा ज्यांना रोज दिसतो, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. हा प्रश्न सोडवताना शेजाऱ्याला चूक ठरवण्यापेक्षा कुत्र्याचे उद्याचे दिवस बरे कसे जातील, हे पाहणे महत्त्वाचे असते. पुढील बहुतेक उत्तरे याच धोरणातून आली आहेत.

कुत्रा खरोखरच दुर्लक्षित आहे, की मलाच तसे वाटते आहे, हे कसे ओळखावे?

प्राण्यांच्या कल्याणाचा विचार करताना जगभर ज्या पाच निकषांचा आधार घेतला जातो, त्यांचे मूळ ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीच्या 1965 च्या अहवालात आहे आणि 1979 मध्ये त्यांना ‘पाच स्वातंत्र्ये’ हे आजचे रूप मिळाले. भूक आणि तहान, अस्वस्थता, वेदना व आजार, भीती आणि ताण या चार गोष्टींपासून मुक्तता, आणि आपल्या जातीच्या स्वभावानुसार वागण्याची मोकळीक, असे ते निकष आहेत. ते मुळात शेतीवरील जनावरांसाठी मांडले गेले असले तरी शेजारच्या कुत्र्याकडे पाहतानाही तेच उपयोगी पडतात, कारण ‘मला वाईट वाटते’ या भावनेऐवजी ‘नेमके काय कमी आहे’ हा प्रश्न ते विचारायला लावतात.

प्रत्यक्ष पाहताना आधी शरीर पाहावे. निरोगी कुत्र्याच्या फासळ्या हाताला सहज लागतात पण लांबून ठळक दिसत नाहीत, आणि वरून पाहिल्यास कंबर थोडी आत गेलेली असते. फासळ्या, पाठीचा कणा आणि मागची हाडे दुरूनच मोजता येत असतील तर काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. मात्र ग्रेहाउंडसारख्या जातींच्या फासळ्या निरोगी अवस्थेतही दिसतात. उलट दाट केसांच्या कुत्र्याचा अशक्तपणा केसांखाली झाकला जातो. त्यानंतर नखे पाहावीत. जो कुत्रा पुरेसा चालतो त्याची नखे बहुधा झिजत राहतात. वाढून वाकडी झालेली आणि पंजाला बाजूला ढकलणारी नखे ही कित्येक महिन्यांची दुर्लक्षाची नोंदच असते. गुंता होऊन चटईसारखे झालेले केस, कानांच्या कडेला चिकटलेल्या गोचिडी, खाजवून खाजवून केस गेलेली लालसर कातडी, आणि गळ्यातील पट्ट्याखाली ओलसर, दुर्गंधीयुक्त जखम यांकडे विशेष लक्ष द्यावे. पिल्लू असताना घातलेला पट्टा सैल केला नाही तर वाढत्या गळ्यात तो अक्षरशः रुततो आणि कातडी त्याच्यावर वाढू लागते.

शरीरानंतर जागा पाहावी. पाण्याचे भांडे आहे का, त्यात पाणी आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुत्र्याचे तोंड त्या भांड्यापर्यंत पोहोचते का? खांबाभोवती फिरून फिरून साखळी गुंडाळली जाते, तिची लांबी हातभर उरते आणि भरलेले भांडे वीतभर अंतरावर तसेच राहते, ही अवस्था वाटते त्याहून अधिक ठिकाणी आढळते. सकाळची सावली दुपारी कोठे सरकते हेही पाहावे.

एक खबरदारी मात्र घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कर्करोग किंवा म्हातारपण यांमुळे उत्तम निगा असलेला कुत्राही हाडकुळा होतो, आणि त्वचारोगाचे उपचार चालू असताना महिनोन्‌महिने केस येत नाहीत. एका दिवसाच्या दृश्यावरून निष्कर्ष काढू नये. काही दिवस वेगवेगळ्या वेळी पाहावे. मात्र खाली ‘कोणत्या परिस्थितीत जराही थांबू नये?’ या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेल्या प्रसंगी हे थांबणे लागू होत नाही.

हा कुत्रा भुंकत नाही, शांत पडून असतो. म्हणजे तो ठीक आहे ना?

तसे गृहीत धरू नये. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कुत्र्यांना विजेच्या झटक्यांतून सुटण्याचा कोणताही मार्ग ठेवला नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे सुटका सहज शक्य असतानाही प्रयत्नच केला नाही. आपण काहीही केले तरी काही बदलत नाही, असा अनुभव वारंवार आला की प्राणी प्रयत्न सोडून देतो. ते प्रयोग स्वतःच क्रूर होते, परंतु त्यांतून जे कळले ते बांधलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत विसरता येत नाही. माणूस जवळ आला तरी मान न उचलणारा, आवाजाला कान न टवकारणारा, दिवसभर एकाच जागी अंगाचे मुटकुळे करून पडणारा कुत्रा आजारी तरी असतो किंवा त्याने आशा सोडलेली असते. सतत भुंकणाऱ्या कुत्र्याची तक्रार होते, शांत कुत्र्याची कोणी करत नाही, म्हणून मला शांत कुत्र्याची काळजी अधिक वाटते.

साखळीने बांधणे हेच दुर्लक्ष मानावे का?

कोणी सोबत असताना थोडा वेळ बांधणे आणि आयुष्यच साखळीला बांधलेले असणे यांत फरक आहे. कुत्रा समूहात राहणारा प्राणी आहे. त्याला वास घेत फिरायचे असते, माणसांच्या जवळ राहायचे असते आणि झोपायच्या जागेपासून दूर जाऊन विधी करायचा असतो. ज्याला जिथे खायचे तिथेच लघवी करावी लागते, त्याच्याभोवतीच्या जमिनीवर साखळीच्या लांबीएवढे गवत उरत नाही आणि मातीचे एक गोल रिंगण तयार होते. ते रिंगण दिसले तर हा कुत्रा सोडला जात नाही, असे बहुतेक वेळा खात्रीने म्हणता येते.

बांधलेला कुत्रा आसपासच्या माणसांसाठीही धोकादायक ठरू शकतो. भीती वाटली तर प्राणी एक तर पळतो किंवा प्रतिकार करतो. साखळीमुळे पळण्याचा पर्याय संपतो. अमेरिकेतील डेन्व्हर येथील कुत्राचाव्यांवरील, 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चावणारे कुत्रे हे न चावणाऱ्यांच्या तुलनेत अंगणात बांधलेले असण्याची शक्यता बरीच अधिक आढळली होती. कुत्र्याच्या दुःखाने न हलणारे शेजारी कधी कधी या मुद्द्याने विचार करू लागतात, विशेषतः घरात किंवा शेजारी लहान मुले असतील तर.

आधी शेजाऱ्यांशी बोलावे, की थेट तक्रार करावी?

कुत्र्याच्या जिवाला तत्काळ धोका नसेल आणि बोलण्यात तुम्हाला धोका नसेल, तर आधी बोलावे. दुर्लक्षाची कारणे क्रौर्यापेक्षा बहुधा साधी असतात. मुलाच्या हट्टाने आणलेले पिल्लू मोठे झाले आणि मुलगा शिकायला दूर गेला; घरात कोणी आजारी पडले; नोकरी गेली आणि पशुवैद्याचा खर्च झेपेनासा झाला; कुत्रा घरात घाण करत होता म्हणून बाहेर बांधला आणि मग तो बाहेरचाच झाला. अशा घरांत आपण काहीतरी चुकतो आहोत याची जाणीव असते, परंतु ती कोणी बोलून दाखवली की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो.

म्हणून बोलण्याची सुरुवात आरोपाने करू नये. ‘तुम्ही कुत्र्याचे हाल करता’ या वाक्यानंतर संवाद संपतो. त्याऐवजी कुत्र्याचे नाव विचारावे, वय विचारावे, तो कसा आला ते विचारावे. मग एकच नेमकी गोष्ट काढावी: ‘काका, दुपारी मोतीच्या जागेवर थेट ऊन येते आणि त्याची साखळी खांबाला अडकून राहते, पाण्यापर्यंत त्याला जाता येत नाही. मी दुपारी घरीच असतो, तुमची हरकत नसेल तर येऊन पाणी भरत जाऊ का?’ या बोलण्यात निरीक्षण आहे, उपाय आहे आणि ‘नाही’ म्हणायची सोयही आहे. एकाच भेटीत पाणी, जखम, फिरवणे, लसीकरण असे सर्व विषय काढू नयेत. सर्वांत तातडीचा विषय आधी सुटू द्यावा. एकदा अंगणात येण्याजाण्याचा परिपाठ पडला की बाकीच्या गोष्टी आपोआप बोलण्यात येतात.

वेळही पाहून जावे. पाहुणे असताना, घाईच्या वेळी किंवा कुत्र्याच्या भुंकण्यावरून वाद झाला त्याच दिवशी हा विषय काढू नये. चार शेजाऱ्यांनी मिळून दारात जाणेही टाळावे, कारण तो संवाद न वाटता पंचायत वाटते. ज्याचे त्या घराशी आधीपासून बरे संबंध आहेत, अशा एकाच व्यक्तीने जाणे सर्वांत चांगले.

मदत देऊ करायची तर नेमकी कोणती?

जी तुम्ही खरोखर आणि दीर्घकाळ करू शकाल, तीच. आठवडाभर रोज फिरवून नंतर बंद केले तर कुत्रा तुमच्या पावलांची वाट पाहत राहतो. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी फिरवणे, पशुवैद्याकडे नेण्यासाठी वाहन देणे, लसीकरणाच्या किंवा नसबंदीच्या मोफत शिबिराची माहिती आणून देणे, गावी जाताना शेजाऱ्यांनी कुत्रा कोणाकडे सोपवावा याची सोय लावणे, या गोष्टी मोठा फरक घडवतात.

जागेच्या सुधारणा तर जवळजवळ विनाखर्चाच्या असतात. साखळीच्या टोकाला गरगर फिरणारी कडी लावली की पीळ पडत नाही. दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकणारी साखळी लावली की कुत्र्याला निदान इकडून तिकडे जाता येते. मात्र ही साखळी कुंपणावरून उडी मारता येईल इतकी लांब नसावी, कारण कुंपणापलीकडे लटकून कुत्र्यांना फास बसतो. जड बुडाचे किंवा जमिनीत अर्धवट पुरलेले भांडे कलंडत नाही. थंडीच्या दिवसांत निवाऱ्यात गोधडी घालण्यापेक्षा कोरडा पेंढा घालावा, कारण गोधडी पाणी धरून ठेवते आणि ओल्या गोधडीवर कुत्रा अधिकच गारठतो. निवाऱ्याचे तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला आणि जमिनीपासून थोडे उंच असावे. पाण्याचा अंदाज साधारण असा ठेवावा की कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीला त्याहून बरेच जास्त.

शेजारी म्हणाले, ‘आमचा कुत्रा आहे, आम्ही बघू.’ आता?

वाद घालू नये. शांतपणे परत यावे आणि नोंदी ठेवायला सुरुवात करावी. पुष्कळदा असे होते की तोंडाने नकार देणारा माणूस दोन दिवसांनी स्वतःच पाण्याचे भांडे हलवतो, कारण कोणीतरी पाहते आहे हे त्याला कळलेले असते. काही आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा कुत्र्याची तब्येत खालावताना दिसली, तर तक्रारीचा मार्ग घ्यावा. शेजाऱ्यांकडून शिवीगाळ किंवा धमकी झाली असेल तर पुन्हा एकट्याने त्या दारात जाऊ नये.

मी कुंपणावरून त्याला खायला घातले तर चालेल का?

मालकाची परवानगी असेल तर जरूर घालावे. परवानगीशिवाय घालण्यात तीन अडचणी आहेत. त्या कुत्र्याला कोणता आजार आहे किंवा कोणते औषध चालू आहे हे तुम्हाला माहीत नसते. पुढे तो कोणत्याही कारणाने आजारी पडला तर बोट तुमच्याकडे दाखवले जाते. आणि तुमच्या अन्नावर कुत्रा तग धरून राहिला तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला उपासमार दिसतच नाही. पाण्याचे मात्र वेगळे आहे. तहानलेल्या प्राण्याला पाणी पोहोचवण्यात मला तरी कधी संकोच करावासा वाटत नाही. तुमच्या हद्दीतून भांडे सरकवता येत असेल तर सरकवावे, आणि हे का करावे लागले याची तारीख-वेळेसह नोंद करावी.

परवानगीने खायला घालतानाही चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) असलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत. पहिले चार पदार्थ कुत्र्यासाठी विषारी आहेत, तर शिजवलेले हाड तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुतते.

नोंदी कशा ठेवाव्यात?

तक्रारीचे वजन नोंदींवर ठरते. ‘कुत्र्याला नेहमी उपाशी ठेवतात’ या वाक्यावर कोणताही अधिकारी फारसे काही करू शकत नाही. ‘अमुक तारखेला सकाळी 8 वाजता भांडे कोरडे होते, दुपारी 1 वाजता तसेच होते, साखळी खांबाला गुंडाळलेली होती, सावली नव्हती, संध्याकाळी 7 पर्यंत कोणी आले नाही’ अशा दहाबारा नोंदी असतील तर त्याला तपासणीस निघावेच लागते. जे दिसले तेवढेच लिहावे. मालकाच्या हेतूंविषयीचे अंदाज लिहू नयेत. ज्या दिवशी सर्व ठीक होते, त्या दिवसाचीही नोंद करावी. त्यामुळे वही पक्षपाती वाटत नाही.

छायाचित्रे आणि चित्रफिती स्वतःच्या घरातून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून घ्याव्यात. एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून दर आठवड्याला घेतलेल्या छायाचित्रांत वजन घटणे किंवा जखम वाढणे जसे दिसते, तसे एखाद्या ठळक छायाचित्रात दिसत नाही. घरातील माणसांचे चेहरे, विशेषतः मुलांचे, टिपू नयेत. शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरून काढलेले छायाचित्र तुमच्यावरच उलटू शकते. आणखी कोणी हे पाहत असेल तर त्यांनी स्वतःच्या शब्दांत स्वतंत्र नोंद ठेवावी. एकाच मजकुराखाली दहा सह्यांपेक्षा दोन स्वतंत्र साक्षी अधिक ग्राह्य ठरतात.

तक्रार कोणाकडे करावी आणि कायदा काय म्हणतो?

बहुतेक देशांत तीन दारे असतात: स्थानिक प्रशासनाचा पशुवैद्यकीय किंवा प्राणी नियंत्रण विभाग, पोलीस, आणि प्राणी कल्याण संस्था. संस्थांचे अधिकार सर्वत्र सारखे नसतात. काही ठिकाणी त्यांना तपासणीचा अधिकार असतो, काही ठिकाणी त्या केवळ पाठपुरावा करू शकतात. परंतु स्थानिक अधिकारी कोण, त्याच्याकडे तक्रार कशी द्यावी आणि तो काय विचारेल, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते, म्हणून पहिला दूरध्वनी तिथे करणे सोयीचे पडते.

कायदे देशागणिक बदलतात, तरी दुर्लक्ष हा अनेक ठिकाणी स्पष्टपणे गुन्हा आहे. भारतात 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणे, या तिन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने मालकावर काळजी घेण्याचे कर्तव्यच घातले आहे आणि प्राण्याचे हाल होण्याची वाट न पाहता सुधारणेची नोटीस देण्याची तरतूद केली आहे. अशी नोटीस मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तिच्यात काय बदलायचे आणि किती दिवसांत हे लिहिलेले असते आणि बहुतेक मालक तेवढ्यावर सुधारतात.

तक्रार लेखी द्यावी, तिची पोच किंवा क्रमांक घ्यावा आणि सोबत नोंदींची प्रत जोडावी. मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी.

माझे नाव शेजाऱ्यांना कळेल का?

नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते आणि अनेक यंत्रणा ती मानतात, परंतु प्रकरण न्यायालयात गेले तर साक्ष द्यावी लागू शकते. निनावी तक्रारही करता येते. मात्र तिच्यात पुन्हा विचारपूस करायला कोणी नसल्याने ती लवकर बंद होते. ज्यांना शेजाऱ्यांची भीती वाटते त्यांनी संस्थेमार्फत तक्रार करावी.

तक्रार केली, कोणीतरी येऊन गेले, पण काहीच बदलले नाही.

ही सर्वांत खचवणारी अवस्था असते. आधी हे पाहावे की खरोखरच काही बदलले नाही का. अधिकाऱ्याने ताकीद दिली असेल, मुदत दिली असेल आणि ती तुम्हाला कळवलेली नसेल, असे अनेकदा होते. तक्रार क्रमांकाच्या आधारे तपासणीत काय आढळले याची लेखी विचारणा करावी. अधिकारी आला त्या दिवशी पाणी भरलेले होते म्हणून प्रकरण बंद झाले असेल, तर त्यानंतरच्या तारखांच्या नोंदींसह नवी तक्रार द्यावी. जुन्याच तक्रारीचे रडगाणे ऐकून घेतले जात नाही. नव्या नोंदींची मात्र दखल घ्यावी लागते. एका दाराने काम झाले नाही तर वरिष्ठांकडे किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे जावे. घर भाड्याचे असेल तर घरमालकाला, संकुल असेल तर व्यवस्थापनाला कळवावे. संयमी शब्दांत, ठरावीक अंतराने आणि प्रत्येक वेळी पुराव्यासह केलेला पाठपुरावा शेवटी यंत्रणेला हलवतो.

रात्री गुपचूप साखळी सोडून दिली तर?

करू नये, कितीही वाटले तरी. वर्षानुवर्षे बांधलेल्या कुत्र्याला रस्ता, वाहने आणि इतर कुत्रे यांची सवय नसते; मोकळा झालेला असा कुत्रा घाबरून धावतो आणि वाहनाखाली येऊ शकतो किंवा कोणाला चावू शकतो. त्याला उचलून घरी आणले तर कायद्याच्या दृष्टीने ती चोरी ठरू शकते, कुत्रा मालकाकडे परत जातो, आणि त्यानंतर मालकाविरुद्धच्या तुमच्या साऱ्या नोंदींवरचा विश्वास उडतो. शिवाय रिकाम्या साखळीला बहुधा लवकरच दुसरे पिल्लू बांधले जाते.

चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकावी का?

टाकू नये. कुत्रा घराच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी हलवला जातो आणि तुमचे पाहणेच बंद होते. बदनामीचा दावा होण्याची शक्यता वेगळीच. ती चित्रफीत अधिकाऱ्याला द्यावी.

कोणत्या परिस्थितीत जराही थांबू नये?

कुत्रा कोसळला असेल, उठता येत नसेल, झटके येत असतील, रक्तस्राव थांबत नसेल, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येत असतील, कुत्रीला प्रसूतीच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, किंवा जखमेत अळ्या पडल्या असतील, तर त्याच क्षणी मालकाला उठवावे आणि मालक भेटत नसेल तर पोलिसांना व प्राणी रुग्णवाहिकेला एकाच वेळी कळवावे. अळ्यांची गोष्ट किरकोळ समजू नये. उघड्या जखमेवर माशीने घातलेली अंडी उष्ण हवेत दिवसभरातच फुटतात आणि अळ्या जिवंत मांस पोखरत आत जातात. सकाळी रुपयाएवढी दिसणारी जखम दोन दिवसांत जीवघेणी होऊ शकते.

उष्माघाताला तर मिनिटे मोजावी लागतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून. अंगातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते आणि ते 41 अंशांपुढे गेले की अवयव निकामी होऊ लागतात. जोरजोरात धापा, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, उलटी, अडखळत चालणे ही त्याची लक्षणे आहेत. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे फार लवकर होते. मालकाच्या संमतीने किंवा अधिकाऱ्याच्या सूचनेने त्याच्याजवळ जाता आले तर त्याला सावलीत घ्यावे, अंगावर आणि विशेषतः पोटावर साधे गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि त्याच अवस्थेत पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. शुद्धीत नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

त्याच्या जवळ जाणे सुरक्षित आहे का? चावला तर काय करावे?

दुखत असलेला प्रेमळ कुत्राही चावू शकतो. अंग ताठ होणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, दात दाखवणे, गुरगुरणे या सूचना असतात; शेपूट हलते आहे एवढ्यावर विसंबू नये. समोरून सरळ चालत जाण्याऐवजी बाजूने, डोळ्याला डोळा न भिडवता जावे, त्याच्यावर वाकू नये, आणि साखळीच्या टप्प्यात शिरण्याआधी त्याला तुमच्याकडे येऊ द्यावे. गुरगुरल्याबद्दल त्याला रागावू नये.

चावला किंवा कातडी फुटेल असा ओरखडा आला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली सलग 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीविषयी ठरवावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, परंतु वेळेवर घेतलेली लस तो रोखते. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचे असते, त्यामुळे या काळात त्याला कोणी मारू किंवा दूर नेऊन सोडू नये, हेही शेजाऱ्यांना सांगावे.

माझी झोप भुंकण्याने उडते आहे. त्याची तक्रार वेगळी करावी का?

शक्यतो नाही. निव्वळ गोंगाटाची तक्रार झाली की मालक कुत्र्याला मारून, तोंड बांधून किंवा खोलीत कोंडून गप्प करतो, आणि यंत्रणेच्या दृष्टीने प्रश्न सुटतो. तासन्‌तास भुंकणे हे बहुधा एकटेपणाचे, कंटाळ्याचे किंवा भीतीचे लक्षण असते, म्हणून ते दुर्लक्षाच्या नोंदींतच, वेळा घालून, लिहावे. रोज सकाळी अर्धा तास वास घेत फिरायला मिळालेला आणि रात्री घरात झोपणारा कुत्रा बहुधा आपणहून शांत होतो.

शेजारी वृद्ध आहेत, एकटे आहेत. तक्रार करायला मन धजत नाही.

धजू नये हेच योग्य आहे, निदान सुरुवातीला. ज्याला स्वतःचे जेवण नीट करता येत नाही, त्याच्या कुत्र्याचे हाल हे पुष्कळदा त्या माणसाच्या हालांचे बाहेर दिसणारे रूप असते. अलीकडे अचानक सुरू झालेल्या दुर्लक्षामागे विस्मृती, नैराश्य किंवा पडल्यामुळे आलेले अंथरूण असू शकते. अशा वेळी नातेवाइकांना कळवावे, ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्यांची मदत घ्यावी आणि कुत्रा काढून घेण्याची भाषा शेवटपर्यंत टाळावी, कारण अनेकदा तोच त्या घरातला एकमेव सोबती असतो.

याच्या उलट, घरात कुत्र्याला मुद्दाम मारले जात असेल आणि स्त्रिया किंवा मुलेही घाबरलेली दिसत असतील, तर स्वतः मध्यस्थीला जाऊ नये. प्राण्यांवरील हिंसा आणि कौटुंबिक हिंसा अनेकदा एकाच छताखाली आढळते. तिथे पोलिसांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

शेजारी म्हणाले, ‘घेऊन जा मग तुम्हीच.’ घ्यावा का?

घेण्याची तयारी असेल तर लगेच हो म्हणावे, पण तोंडी व्यवहारावर थांबू नये. कुत्र्याचे वर्णन, तारीख, मालकी स्वेच्छेने सोडल्याचे एक वाक्य आणि दोघांच्या सह्या असलेला कागद करावा. लसीकरणाची कागदपत्रे आणि शरीरात ओळखचिप असल्यास तिची नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. तुम्हाला ठेवणे शक्य नसेल तर घर शोधून देण्याची मुदत मागून घ्यावी आणि तोपर्यंतची सोय संस्थेशी बोलून ठरवावी. हा कुत्रा नेल्यावर दुसरा आणणार नाही, एवढे शेजाऱ्यांकडून कबूल करून घेता आले तर फार चांगले.

घरी नेण्याआधी पशुवैद्याकडे न्यावे. घरात दुसरे कुत्रे असतील तर साधारण दोन आठवडे त्याला वेगळे ठेवावे, म्हणजे अंगावर असलेला संसर्ग पसरत नाही. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या कुत्र्याला प्रेमाने पोटभर जेवू घालणे हीच सर्वांत मोठी चूक ठरू शकते: उपासाला सरावलेल्या शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतात आणि हृदय बंद पडू शकते. पशुवैद्याने सांगितलेला आहार थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा विभागून द्यावा आणि काही दिवसांत हळूहळू वाढवावा. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसून राहील, हात उचलला की अंग चोरेल, घरात घाण करेल. आंघोळ, पाहुणे आणि लाड हे सर्व नंतर. त्याला एक शांत कोपरा, ठरलेल्या वेळी जेवण आणि रोज त्याच रस्त्याने फेरफटका द्यावा, आणि जवळ कधी यायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.